कैदी पहिल्यांदा काय सांगतो

सुभेदारकाका,

तुमच्या तेराव्याला मी आले नाही. वर्गातले बाकी सगळे आले होते, सरही आले होते. पंगतीत कुणीतरी तुमच्या सवयीने आमची पोरं मोजली, तर नऊच भरली, असं मला नंतर कळलं. अकरांतले एक तुम्ही आणि एक मी. तुमचं न येणं तुमच्या हातात नव्हतं. माझं होतं. मी का आले नाही ते सांगायलाच हे लिहायला बसलेय.

सरांनी खरं तर चारशे शब्द मागितलेत, विभागाच्या वार्षिक अंकात तुमच्या फोटोखाली छापायला. "जन्मगाव, नोकरी, निवृत्तीनंतरची शिक्षणाची ओढ, असं काहीतरी दे," असं म्हणाले. ते सगळं तुमच्या मुलाने पेपरात दिलंच आहे, मी पुन्हा उगाळणार नाही. फोटोही मला आवडलेला नाही. त्यात तुम्ही गणवेशात आहात आणि चेहरा असा की फोटोग्राफरलाच आता आत टाकणार. आम्हाला माहीत होते ते चौकड्यांच्या शर्टातले काका, खिशाला दोन पेनं आणि काखेत निळी प्लास्टिकची फाईल.

पहिल्या दिवशी सरांनी एकेकाला उभं करून विचारलं होतं, गुन्हेगारीशास्त्रात एम.ए. का करायचंय. कुणाला पोलिसात जायचं होतं, कुणी स्पर्धा परीक्षेच्या नादात आलं होतं, एकाला दुसरीकडे प्रवेशच मिळाला नव्हता. तुम्ही हात मांड्यांना चिकटवून ताठ उभे राहिलात. "तीस वर्षं तुरुंगात काढली," म्हणालात आणि थांबलात. माझ्या शेजारच्या पोरीने बाक सरकवला. मग तुम्ही सावकाश पुढचं सांगितलंत, "शिपाई म्हणून गेलो, सुभेदार म्हणून बाहेर आलो. आता घरी बसतो तं सून म्हन्ती, अप्पा, कुठंतरी नाव घाला." वर्ग हसला. मला हसू आलं नाही. तुरुंग हा शब्द निघाला की मी विषय बदलायचे. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, मानवी वर्तनाची आवड आहे म्हणून आले. आणि मग उगाचच जोडलं, घरी मी एकुलती एक.

ते कुणी विचारलं नव्हतं. तुम्ही वळून माझ्याकडे पाहिलंत, तेवढंच.

नंतर तुमच्या माझ्यात गट्टी जमली ती इंग्रजीमुळे. पुस्तकं सगळी इंग्रजीत, आणि तुमचं इंग्रजी रजेच्या अर्जापुरतं. तास संपले की आपण लायब्ररीत खिडकीजवळच्या टेबलावर बसायचो. मी वाचायचे, मराठीत सांगायचे, तुम्ही मोठ्या गोल अक्षरात उतरवून घ्यायचात. मी तुम्हाला शिकवतेय असं मला वाटायचं. खरं म्हणजे एखादं वाक्य तुमच्या गळी उतरेपर्यंत ते मलाच कळलेलं नसायचं. तुम्ही पेन खाली ठेवून "म्हंजी काय?" असं विचारायचात आणि माझी पंचाईत व्हायची. परीक्षेत मला जे मार्क पडले त्यातले निम्मे तरी त्या 'म्हंजी काय'चे आहेत. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण तुम्ही लगेच चहा मागितला असता.

कवट्या मोजून गुन्हेगार ओळखू पाहणाऱ्या त्या जुन्या डॉक्टरचा सिद्धांत शिकवत होते तेव्हाचं आठवतं का? सर सांगत होते, पुढे आलेला जबडा, जाड भुवया, मोठे कान. तुम्ही आपल्या कानाला हात लावून पाहिलात आणि उभे राहून म्हणालात, "सर, ह्या मापानं तं मी बाहेर कसा ऱ्हायलो?" सरांना त्या दिवशी पुढे शिकवता आलं नाही. आणि बंधांचा सिद्धांत आला तेव्हा तुम्ही बाकावर पुढे सरकलात. माणसं गुन्हा का करतात हे विचारू नका, बाकीची का करत नाहीत ते विचारा, असं त्यात म्हटलंय. घर, काम, आपल्या माणसांची भीड यांनी माणूस बांधलेला असतो. ते सुटलं की तोही सुटतो. तुम्ही ते वाक्य माझ्याकडून तीनदा वाचून घेतलंत आणि म्हणालात, "हा मानूस बराकीत ड्युटी करून आलेला दिसतोय." तुमच्याकडून कुठल्या विद्वानाला याहून मोठी शाबासकी मिळालेली मी ऐकली नाही.

आणि ती तुमची गिनती. तुरुंगात सकाळ-संध्याकाळ कैदी मोजतात, आकडा जुळल्याशिवाय कुणाला हलता येत नाही, हे तुमच्यामुळे कळलं. चहाला जाताना तुम्ही टपरीजवळ थांबून आम्हाला मोजायचात. एकदा या टोकाकडून, एकदा त्या टोकाकडून. "अकरा," म्हणून झालं की मगच ग्लासला हात. कुणी शौचालयात असलं तर बाकीच्यांचा चहा गार. पोरं वैतागायची. "काका, आम्ही पळून जाणार नाही, हजेरी कमी आहे," असं म्हणून तुम्हाला चिडवायची. तुम्ही हसायचात, पण पुन्हा दोनदाच मोजायचात. मला ती निवृत्त माणसाची खोड वाटायची. ती काय होती ते मला तुम्ही गेल्यावर कळलं.

आता माझं सांगते. अंक छापून येईल, वर्ग वाचेल, कॉलेज वाचेल. वाचू दे.

मी एकुलती एक नाही. मला एक भाऊ आहे, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. माझे वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात आहेत, आम्ही तिथल्या कॉलनीत वाढलो. चार वर्षांपूर्वी दादाने कॉलनीतल्याच रवी नावाच्या मुलाला लोखंडी रॉडने मारलं. रवी वाचला. त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. दादाला सात वर्षांची शिक्षा झाली. आम्ही क्वार्टर सोडलं आणि देवळाली कॅम्पला भाड्याने राहायला गेलो, जिथे आम्हाला कुणी ओळखत नव्हतं. आई दर महिन्याला भेटीला जाते. मी एकदाही गेले नव्हते.

आमच्या घरात त्या दिवसाबद्दल एकच वाक्य बोललं जातं. संगत वाईट होती. आई म्हणते, वडील म्हणतात, मामा फोनवर म्हणतो. मी हा विषय घेतला तो त्या वाक्याला पुस्तकाचा आधार मिळावा म्हणून. मला असा एक सिद्धांत हवा होता की ज्यात दादा बरोबर बसेल आणि बसला की सुटेल. आणि पहिल्याच सत्रात तो मिळाला. गुन्हा रक्तात नसतो, तो संगतीत शिकला जातो. मी त्या रात्री आईला हे वाचून दाखवलं. आई रडली आणि म्हणाली, "बघ, शिकलेली मानसं पन तेच म्हन्तात."

दुसऱ्या दिवशी लायब्ररीत मी तो सिद्धांत तुम्हाला जरा जास्तच जोरात समजावला असेन. तुम्ही लिहून घेतलात, टोपण लावलंत आणि म्हणालात, "शीतल, भेटीच्या खिडकीशी मी लय वर्षं उभा ऱ्हायलो. परत्येक आई हेच सांगती. माझा पोरगा चांगला, संगत वाईट. चार पोरं एका केसमदी आत असली तं चौघांच्या आया एका रांगेत उभ्या राहून हेच सांगत्यात. मंग ती वाईट संगत कोनाच्या घरची व्हती?"

मी म्हटलं, काका, हा विनोद झाला, हे उत्तर नाही. तुम्ही म्हणालात, "मी कुठं उत्तर देतोय." हा आपला वाद सहा महिने चालला. टपरीवर, बसस्टॉपवर, शालिमारहून नाशिकरोडला जाणाऱ्या शेअर रिक्षात तिसऱ्या माणसाला मध्ये चेपून. मी आकडेवारीवर आकडेवारी काढायचे. तुम्ही प्रत्येक वेळी ऐकून घ्यायचात आणि शेवटी तोच प्रश्न विचारायचात.

मग तिसऱ्या सत्रात प्रत्येकाला एकेक केस स्टडी लिहायला सांगितली. गुन्हा केलेल्या एका माणसाशी बोलायचं, नाव बदलायचं, आणि त्याचं वागणं कुठल्या सिद्धांतात बसतं ते दाखवायचं. मी दादावर लिहिलं. नाव बदललं, गाव बदललं, वीज केंद्राची साखर कारखाना केली. फक्त दादाशी बोलले नाही. त्याचं बोलणं मीच लिहिलं. 'मी लहानपणी फार हळवा होतो, आजारी कुत्र्याला उचलून घरी आणायचो,' इथून सुरुवात केली होती. कुत्र्याचं खरं आहे, पण ते आईच्या तोंडून ऐकलेलं. मुलाखतीची तारीख म्हणून मी माझ्या मनाने एक रविवार घातला. सरांना ती केस आवडली. "जिवंत आहे," असं त्यांनी समासात लिहिलं. मी फुशारून तुम्हाला वाचायला दिली.

तुम्ही ती आठवडाभर ठेवून घेतलीत. मग टपरीवर एका बाजूला नेऊन परत दिलीत.

"टाईप चांगलं केलंय," म्हणालात.

"आणि बाकी?"

"हा कैदी तुला कुठं भेटला?"

"एका ओळखीतून. सुटलेला आहे," मी म्हटलं.

तुम्ही चहाच्या ग्लासात बघत म्हणालात, "सुटलेला मानूस असं नाय बोलत. आतलाबी नाय बोलत. कैदी पयल्यांदा लहानपन नाय सांगत, पोरी. तो पयल्यांदा सांगतो, शिक्षेतली माफी धरून किती दिवस ऱ्हायले. सुटलेला असला तं सांगतो, सुटून किती झाले. बाकीचं लय उशिरा, आनि तेबी कोनी विचारलं तं. लहानपन आई सांगती. ही मुलाखत कैद्याची नाय. कैद्याच्या घरची हाय."

मला त्या टपरीवर उभं राहवेना. तुम्ही आवाज आणखी खाली आणलात.

"कोन लागतो तुझा?"

"कोणी नाही."

"बरं," म्हणालात तुम्ही. तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाहीत. "मंग असं कर. कोनीतरी खरा मानूस बघ आनि त्याला जाऊन विचार, तू काय केलं. सिद्धांत नको सांगू. निस्तं विचार. मंग लिही."

तेव्हा मी जे बोलले ते मला इथे लिहायचंय, कारण ते ऐकणारे फक्त तुम्ही होतात आणि आता तुम्ही नाही. मी म्हटलं, "तुम्हाला सिद्धांत कळतच नाहीत, काका. तीस वर्षं तुम्ही फक्त कुलपं लावलीत. कुलूप लावणाऱ्याला आतल्या माणसाचं काय कळणार?"

तुमचा चहा अर्धा उरला होता. तो तुम्ही संपवलात, ग्लास टपरीच्या फळीवर ठेवलात, वळून सगळ्यांना एकदा मोजलंत, पुन्हा एकदा मोजलंत. "अकरा. चला," म्हणालात.

रागाच्या भरात माणूस बोलून जातो, असं म्हणतात. मी बोलून गेले नाही. तुम्हाला नेमकं कुठे लागेल ते शोधून मी बोलले होते. तीन आठवडे मी तुमच्याशी बोलले नाही. लायब्ररीतलं टेबल बदललं. तुम्ही खिडकीजवळ एकटेच बसून शब्दकोश घेऊन एकेक ओळ लावत होतात, हे मला पुस्तकांच्या मांडणीआडून दिसायचं. एकदा माझ्या बॅगेत जवसाच्या चटणीची पुडी निघाली. कुणी ठेवली ते मी विचारलं नाही. चटणी खाल्ली मात्र.

शेवटचं बोलणं जिन्यात झालं. तुम्ही वर येत होतात, मी उतरत होते. गुडघ्यावर हात ठेवून तुम्ही कडेला थांबलात आणि जसं काही हवापाण्याचं बोलताय तसं म्हणालात, "भेटीला मंगळवारी गर्दी कमी असती. सकाळी पयला नंबर लावला तं निवांत बोलता येतं."

"मला काय करायचंय त्याचं," मी म्हटलं, आणि उतरून गेले.

एवढंच. चौथ्या दिवशी सकाळी सरांचा मेसेज ग्रुपवर आला. छातीत दुखलं, दवाखान्यात नेईपर्यंत गेले. मी तो मेसेज बसमध्ये वाचला आणि दोन स्टॉप पुढे जाऊन उतरले. मला आधी तुमचा राग आला, हे तुम्हाला सांगायला हवं. वाद असा अर्धा टाकून जातात का? तुमचं उत्तर ऐकायचं राहिलं होतं. माझं माफी मागायचं राहिलं होतं. मी ती मागणार होते, सत्र संपण्याआधी नक्की मागणार होते. 'उद्या बोलू' म्हणून विषय ढकलणारी माणसं कशी असतात ते मी चार वर्षं घरी पाहत होते, तरी मला वाटलं की माझा उद्या येईल.

पाचव्या दिवशी मी तुमच्या घरी गेले. काकू ओट्याशी बसून मेथी निवडत होत्या. माणूस गेला तरी येणाऱ्या-जाणाऱ्यांना जेवायला लागतं. त्यांनी मला नावाने ओळखलं. "तूच का ती इंग्रजी वाचून दाखवनारी," म्हणाल्या. मग आत जाऊन तुमची निळी फाईल घेऊन आल्या. "हे त्यांनी तुझ्यासाठी काढून ठेवलं व्हतं. म्हनले, शीतलला दाखवायचंय, पन सध्या ती रुसलीय."

मी तिथेच खाली बसून फाईल उघडली. वर माझ्याच केस स्टडीची झेरॉक्स होती, पेन्सिलने खुणा केलेली. जिथे रवीबद्दल एकच वाक्य होतं, 'मारहाणीत एक तरुण जखमी झाला', तिथे तुम्ही लिहिलं होतं: 'ह्याला नाव नाही का? ह्याची आई कोणत्या रांगेत उभी राहते?' मी चार वर्षांत हा प्रश्न स्वतःला विचारला नव्हता. रवीच्या आईने मला लहानपणी कितीतरी वेळा जेवू घातलंय.

त्याखाली तुमची स्वतःची केस स्टडी होती. तुम्ही ती सरांना दिलेली नव्हती. दीड पान, हजेरी लिहितात तशा अक्षरात. वरती नाव बदललेलं नव्हतं. 'वय चोवीस, पद शिपाई', आणि पुढे तुमचं नाव.

मी ती सगळी इथे देणार नाही, ती तुमची आहे. एवढंच सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी, दूरच्या एका तुरुंगात, संध्याकाळच्या गिनतीत एक माणूस कमी आला. तुम्ही घाबरलात. तो म्हातारा कैदी शौचालयातून उशिरा आला, तेव्हा तुम्ही त्याच्या कानफटात अशी लगावलीत की त्या कानाने त्याला पुन्हा ऐकू आलं नाही. नंतर मोजदाद नीट केली तर कळलं, शौचालयातला तो आधीच आकड्यात धरलेला होता, चूक मोजण्यातच झाली होती. पुढे तुम्ही लिहिलं होतं: 'सगळे म्हणाले, नवीन आहे, शिकेल. म्हणाले, त्यानेच उशीर केला. म्हणाले, सगळेच मारतात. मीपण तेच म्हणत राहिलो. हे सगळं आपल्या पुस्तकात आहे, दोष झटकण्याच्या तऱ्हा म्हणून. शीतलने वाचून दाखवलं तेव्हा मला वाटलं, हे कोणी माझ्यावरच लिहिलंय. तू का मारलंस, असं मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. राग आला होता आणि मारता येत होतं, म्हणून मारलं. तेव्हापासून मी दोनदा मोजतो.'

शेवटी 'कोणता सिद्धांत लागू होतो' असा रकाना होता. तो कोरा होता.

काका, कुलूप लावणाऱ्याला आतल्या माणसाचं काय कळणार, असं मी तुम्हाला म्हटलं होतं. तुम्ही त्या वेळी हे दीड पान काखेत घेऊन उभे होतात.

मी काकूंना सांगितलं. भाऊ आत आहे, चार वर्षं भेटले नाही, आईची या महिन्याची भेट ज्या मंगळवारी आहे, तेरावाही त्याच मंगळवारी येतोय. मी म्हटलं, त्याच्या पुढच्या मंगळवारी जाईन. काकूंनी मेथीची जुडी खाली ठेवली. "पुढं ढकललं तं तू जायची नाय," म्हणाल्या. "इथलं पान मी वाढीन. तू तिकडं जाय."

म्हणून मी आले नाही.

सकाळी आईबरोबर निघाले. आईला वाटलं मी तिला सोडायला येतेय. खिडकीवर पहिला नंबर आमचाच होता. तिथल्या कर्मचाऱ्याने आधारकार्ड पाहिलं, वहीत बोट फिरवलं आणि म्हणाला, "तुमचं नाव आहे की यादीत. आल्याच दिवशी दिलंय त्यांनी. कधी आल्या नाहीत का?" कैद्याने भेटायला येणाऱ्यांची नावं आधी द्यायची असतात, हे मला ठाऊक नव्हतं. दादाने पहिलं नाव आईचं दिलं होतं आणि दुसरं माझं. चार वर्षं ते तिथे लिहिलेलं होतं.

काचेच्या पलीकडे दादा येऊन बसला. केस बारीक कापलेले, जरा जाड झालेला. आईला पाहून हसला, मग मागे मला पाहिलं आणि हसू तसंच तोंडावर राहिलं. आईने फोन माझ्या हातात दिला. तिकडून त्याने उचलला. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "माफी धरून चारशे बारा राहिले."

काका, माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. त्याला वाटलं, त्याच्यासाठी. थोडं त्याच्यासाठीही होतं.

मी तुम्ही सांगितलं होतं तसं विचारलं. कुत्र्याचं नाही, शाळेचं नाही. म्हटलं, "दादा, त्या दिवशी तू काय केलंस?" तो बराच वेळ फोनची वायर बोटाला गुंडाळत राहिला. भेटीची वेळ मोजकी असते, मला भीती वाटली की अशीच संपेल. मग म्हणाला, "रॉड मीच घेऊन गेलो होतो. वर्कशॉपमधनं. बाकीचे दोघं नको म्हणत होते. बबल्याने तर माझा हात धरला होता, त्याला ढकलून मी गेलो. रवीने सगळ्यांसमोर माझी टिंगल केली होती, तेवढंच. मला थांबता येत होतं." मग म्हणाला, "हे विचारणारी तू पहिलीच. आई येते, रडते, संगत वाईट म्हणते. मी मान हलवतो. तिला बरं वाटतं."

आई माझ्या शेजारी बसलेली होती, पण फोन एकच असतो. तिला त्याचं बोलणं ऐकू आलं नाही. ती माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती. बाहेर आल्यावर तिने विचारलं, काय म्हणाला. मी तिला तिथेच, रस्त्याच्या कडेला, सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती. मग बसस्टॉपवर पोचल्यावर म्हणाली, "बबल्याच्या आईशी मी चार वर्षं बोलले नाय." पुढे ती रवीच्या आईचं नाव घेईल असं मला वाटलं. अजून घेतलेलं नाही. घेईल.

आपला वाद मिटलाय असं मात्र समजू नका. संगतीचा सिद्धांत मी पूर्ण सोडलेला नाही; दादा टिंगल सहन न करणं कुठून शिकला, हे मला अजून शोधायचंय, आणि ते शोधताना आमचंच घर उघडावं लागणार आहे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, मी कुठं उत्तर देतोय. सरांना मी पहिली केस खोटी होती हे सांगितलं. त्यांनी 'जिवंत आहे' हा शेरा खोडला आणि पुन्हा लिहायला मुदत दिली. ती लिहितेय. सुरुवात 'माफी धरून चारशे बारा राहिले' या वाक्याने केलीय. मुलाखतीच्या तारखेच्या जागी तुमच्या तेराव्याची तारीख आहे. रवीला पूर्ण एक पान आहे, आणि त्याआधी त्याच्या घरी जाऊन यायचंय. त्यांनी दार उघडलं नाही तर पायरीवरून परत येईन, पण जाईन.

काल तासानंतर चहाला गेलो. कुणीच ग्लास उचलेना. शेवटी मीच थांबून मोजलं, एकदा या टोकाकडून, एकदा त्या टोकाकडून. दहा.

आणि एक उत्तर द्यायचं राहिलंय, काका. टपरीवर तुम्ही हळू आवाजात विचारलं होतं, मी मोठ्याने सांगते. महेश माझा भाऊ लागतो. सख्खा.